वाचकांचे प्रश्न : जावातला ॲरे चौकोनी नसतो

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवरचे निघाले, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत टू-डी ॲरेवर, म्हणजे ओळी आणि रकान्यांत ठेवलेल्या आकड्यांवर, लूप कसा फिरवायचा, म्हणजे तेच काम एकेका आकड्यावर परत परत कसं करायचं. म्हणून सगळं पान त्यालाच दिलंय. एक आधीच सांगते, आपल्या पानावर कोड देवनागरीत छापतो, तुम्ही टाईप करताना फॉर, इंट, लेंग्थ असले जावाचे शब्द आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. पण व्हेरिएबलची नावं, म्हणजे पाऊस, तालुका, जिल्हा, ही तशीच मराठीत ठेवली तरी जावाला चालतात, कारण जावा पहिल्यापासून युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांचे सामाईक क्रमांक, मानते. फक्त फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. जावा १८ च्या आधीची आवृत्ती विंडोजवर वापरत असाल तर कंपाईल करताना एन्कोडिंग वेगळं सांगावं लागतं, नाहीतर मराठी अक्षरांवर एरर येतात.

प्रश्न : मॅडम, मी नांदेडला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांचा तालुकावार पाऊस घेतलाय, इंट[][] पाऊस असा ॲरे केलाय, एक ओळ म्हणजे एक जिल्हा. पहिली ओळ छत्रपती संभाजीनगर, दुसरी जालना, मग बाकीचे. बाहेरचा लूप पाऊस.लेंग्थ पर्यंत आणि आतला पाऊस[०].लेंग्थ पर्यंत लावला, तर पहिला जिल्हा छापून होतो आणि जालन्यात येऊन प्रोग्राम पडतो, इंडेक्स ८ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ८ म्हणतो. मित्र म्हणला आतला लूप ५ पर्यंतच लाव, तसं केलं तर एरर गेली. दुसरा म्हणाला सरळ ८ बाय १६ चा ॲरे कर, कटकट नाही. यातलं बरोबर कोणतं? आमच्या लॅबमध्ये तर ३ बाय ३ ची मॅट्रिक्सच करून घेतलीय, तिथं असं काहीच झालं नव्हतं.
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : दोन्ही मित्रांचं चुकलंय, आणि तुझी मूळची चूक त्या दोघांपेक्षा बरी होती कारण ती निदान ओरडून तरी सांगत होती.

आधी चित्र नीट डोळ्यासमोर आण. टू-डी ॲरे म्हटलं की आपण वहीतला तक्ता बघतो, इतक्या ओळी इतके रकाने, सगळं चौकोनी. जावात असा तक्ता नसतोच. जावात ॲरेच्या आत ॲरे असतात, एवढंच. भिंतीवर आठ खुंट्या ठोकल्यात आणि प्रत्येक खुंटीला एक पिशवी टांगलीय असं समज. भिंत म्हणजे बाहेरचा ॲरे, आणि पाऊस.लेंग्थ विचारलं की जावा खुंट्या मोजून देते, आठ. पिशवीत किती जिन्नस आहेत हे भिंतीला माहीतच नसतं, ते त्या त्या पिशवीलाच विचारावं लागतं, पाऊस[जि].लेंग्थ, जि म्हणजे जिल्ह्याच्या ओळीचा क्रमांक. पिशव्या लहानमोठ्या असू शकतात, त्याला जावाची काहीच हरकत नाही.

आणि आपला मराठवाडा तर असाच आहे बघ. छत्रपती संभाजीनगर ९ तालुके, जालना ८, बीड ११, परभणी ९, हिंगोली ५, नांदेड १६, लातूर १०, धाराशिव ८. एकूण ७६. तू आतल्या लूपला पाऊस[०].लेंग्थ दिलं म्हणजे प्रत्येक जिल्ह्याला संभाजीनगरच्या मापानं मोजायला गेलीस, जालन्यात आठच तालुके, इंडेक्स म्हणजे जागेचा क्रमांक शून्यापासून सुरू होतो, म्हणून ० ते ७, नववा मागितला की जावानं सांगितलं की नाही. मेसेज पण किती स्पष्ट आहे, जावा ११ पासून तो असा मागितलेला इंडेक्स आणि खरी लांबी दोन्ही सांगतो, त्याच्याआधी नुसता आकडा यायचा. एरर आली की पोरं घाबरून स्क्रीन बंद करतात, त्याच्याऐवजी ती ओळ वाचायची सवय लावा, निम्मं उत्तर तिथंच असतं.

आता पहिल्या मित्राचं ५. एरर गेली कारण पाच तालुके प्रत्येक जिल्ह्यात आहेतच, पण ८ गुणिले ५ म्हणजे ४० तालुकेच वाचले गेले, ३६ तालुक्यांचा पाऊस गायब, त्यातले ११ तर तुझ्या स्वतःच्या नांदेड जिल्ह्यातले! प्रोग्राम हसत चालला आणि बेरीज खोटी निघाली. मला अशा चुकीची जास्त भीती वाटते, कारण ती कोणाला दिसत नाही. आणि बघ, तू सुरुवातीला हिंगोली पहिल्या ओळीत टाकली असतीस तर पाऊस[०].लेंग्थ म्हणजे ५च झालं असतं, तुला एरर कधी आलीच नसती आणि हे पत्रही आलं नसतं.

दुसऱ्या मित्राचं ८ बाय १६. जागा झाल्या १२८, तालुके ७६, म्हणजे ५२ जागा रिकाम्या. मेमरीचं सोड, एवढ्याशा ॲरेला मेमरीचं काही नाही. पण इंटच्या, म्हणजे पूर्णांकांच्या, ॲरेत रिकामी जागा रिकामी राहत नाही, तिथं शून्य बसतं. मग ‘तालुक्यात पाऊस पडला नाही’ आणि ‘असा तालुकाच नाही’ या दोन्हींचं तोंड सारखंच दिसायला लागतं. समज हिंगोलीच्या पाच तालुक्यांत २०, ३०, ४०, ५०, ६० मिलीमीटर झाला, बेरीज २००, सरासरी ४०. सोळाने भागलंस तर १२.५, आणि इंटला इंटने भागलं तर अपूर्णांक गळून १२च हाती येतील. दुष्काळाचे आकडे आपल्याकडे काही गंमत म्हणून कोणी मोजत नाही, तेव्हा हा फरक डोक्यात ठेवूनच ॲरे करायचा.

बरोबर लूप असा :

फॉर (इंट जि = ०; जि < पाऊस.लेंग्थ; जि++)
  फॉर (इंट ता = ०; ता < पाऊस[जि].लेंग्थ; ता++)
    बेरीज += पाऊस[जि][ता];

सगळा जीव त्या आतल्या पाऊस[जि].लेंग्थ मध्ये आहे. ३ बाय ३ च्या मॅट्रिक्समध्ये तीनही पिशव्या सारख्याच मापाच्या, त्यामुळं तिथं [०] लिहा नाहीतर सरळ ३ लिहा, उत्तर बरोबरच येतं आणि चुकीची सवय पक्की होते. शिकवणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे की पहिलंच उदाहरण कमीजास्त लांबीच्या ओळींचं घ्या.

ॲरे तयार करताना न्यू इंट[८][] असं लिहून दुसरा कंस मोकळा ठेवता येतो. तेव्हा खुंट्या आठ ठोकल्या जातात पण पिशवी एकही नसते, प्रत्येक जागी नल, म्हणजे काहीच नाही. मग पाऊस[५] = न्यू इंट[१६] असं एकेक टांगायचं. एखादी राहिली आणि तिथं लेंग्थ विचारली की नल पॉइंटर एक्सेप्शन ही एरर येते. जावा १५ पासून मेसेज आपणहून सांगतो की नेमकं काय नल होतं, जुन्या आवृत्तीत आपल्यालाच शोधत बसावं लागतं. रिकामी पिशवी आणि पिशवीच नसणं यात फरक आहे हे पण बघून ठेव, शून्य लांबीच्या ओळीवर लूप गुपचूप शून्य वेळा फिरतो, काही बिघडत नाही.

आणि सरासरी काढायचीच आहे तर अजून एक. आठ जिल्ह्यांच्या सरासऱ्या काढून त्यांची परत सरासरी करू नकोस. हिंगोलीची ५ तालुक्यांची सरासरी ४० आणि नांदेडची १६ तालुक्यांची ८२ धरली तर दोन्हींची सरासरी ६१ येते, पण खरी २१ तालुक्यांची सरासरी १५१२ भागिले २१ म्हणजे ७२. म्हणून बेरजेसोबत आतल्या लूपमध्येच मोजणी++ करत जा, शेवटी ७६ आले का ते बघ, नाही आले तर लूप कुठंतरी चुकलाय.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी शाळेत गणित शिकवतो आणि फावल्या वेळेत जावा शिकू लागलोय. ॲरेत जिथं नोंद झाली नाही तिथं उणे १ टाकलेलं होतं. मी नवा फॉर लूप लावून, फॉर (इंट[] ओळ : पाऊस) आणि आत फॉर (इंट मिमी : ओळ), मिमी उणे १ असेल तर मिमी = ० केलं. एरर नाही, काही नाही, पण छापून बघितलं तर उणे १ जिथल्या तिथंच. कामून असं होतंय काही कळेना गेलंय.
— एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : सर, हा फॉर-ईच लूप २००४ साली जावा ५ सोबत आला आणि नुसतं वाचायचं असेल तर तो मला सगळ्यात आवडतो. इंडेक्स नाही, लेंग्थ नाही, त्यामुळं वरच्या विद्यार्थिनीची चूक त्यात होऊच शकत नाही, प्रत्येक ओळ आपल्या लांबीएवढीच फिरते. बेरीज, मोठ्यात मोठा आकडा, मोजणी, यासाठी डोळे झाकून तोच वापरा.

पण त्यातला मिमी म्हणजे ॲरेतली जागा नव्हे, तिथल्या आकड्याची प्रत आहे. हजेरीपटावरून एक आकडा तुम्ही कागदावर उतरवून घेतला आणि कागदावर खाडाखोड केली, तर हजेरीपट बदलत नाही, तसंच. बदल करायचा असेल तर जागेचा पत्ता लागतो, म्हणजे इंडेक्सवालाच लूप आणि पाऊस[जि][ता] = असं लिहिणं.

आता याच्यातच एक बारीक गोष्ट आहे जी तुमच्यासारख्या गणितवाल्यांना आवडेल. बाहेरच्या लूपमधली ओळ पण प्रतच आहे, पण ती पिशवीची प्रत नाही, पिशवीपर्यंत नेणाऱ्या दोरीची प्रत आहे. म्हणून बाहेर फॉर-ईच ठेवून आत इंडेक्स घेतला आणि ओळ[ता] = ० केलं तर मूळ ॲरेत खरोखर बदल होतो, कारण दोरी धरून तुम्ही त्याच पिशवीत हात घातला. पण ओळ = न्यू इंट[९] असं केलं तर खुंटीवर जुनीच पिशवी राहते, तुमच्या हातातली दोरी तेवढी दुसरीकडं बांधली गेली. क्लोनचंही तेच, पाऊस.क्लोन() केल्यावर नवी भिंत मिळते, पिशव्या मात्र जुन्या त्याच दोघांत सामाईक, एकीकडं बदललं की दुसरीकडं दिसतं. खरी वेगळी प्रत पाहिजे असेल तर लूप लावून प्रत्येक ओळ स्वतंत्र क्लोन करावी लागते.

एवढं सांगून झाल्यावर विनंती एकच, ते उणे १ शून्य करूच नका सर. नोंद झाली नाही म्हणजे पाऊस झाला नाही असं नव्हे. बेरजेच्या लूपमध्ये मिमी < ० असेल तर कंटिन्यू करून पुढं जा, आणि मोजणीतही तो धरू नका.

प्रश्न : टू-डी ॲरे प्रिंट केला की [[आय@ आणि पुढं काहीतरी आकडे अक्षरं येऊ लालेत. ॲरेज.टूस्ट्रिंग करून पण तसंच.
— जालना

उत्तर : ॲरेज.डीपटूस्ट्रिंग(पाऊस). टूस्ट्रिंग फक्त खुंट्या वाचतं, डीपटूस्ट्रिंग पिशव्या उघडून आतलं वाचतं. ते दोन उघडे कंस म्हणजे ॲरेतला ॲरे आणि आय म्हणजे इंट, जावाचं आतलं नाव आहे ते, बिघाड नाही.

प्रश्न : ताई, मी मूळचा उदगीरचा, सध्या पुण्यात कंपनीत आहे. सॅटेलाईटच्या चित्रावर काम चालू आहे, ५००० बाय ५००० चा इंट ॲरे. सगळ्या आकड्यांची बेरीजच करायची आहे, तर क्रमानं काय फरक पडतो म्हणून मी बाहेर रकाना आणि आत ओळ असा लूप लावला होता. सीनियरनं नुसती दोन्ही लूपची अदलाबदल केली आणि तेच काम कितीतरी पट लवकर झालं. उत्तर दोन्हीत सारखंच. बेरजा तेवढ्याच, मग वेळ कुठं जात होता?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वेळ बेरजेत जात नव्हता भाऊ, आकडे मेमरीतून आणण्यात जात होता.

आपल्याकडं कापूस वेचणीला बायका पात धरून जातात. एक ओळ धरली की त्या ओळीतली सगळी बोंडं वेचत टोकापर्यंत जायचं, मग पुढची ओळ. पहिल्या ओळीतलं एक बोंड, मग उडी मारून दुसऱ्या ओळीतलं एक बोंड, असं शेताच्या पार टोकापर्यंत जाऊन परत पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या बोंडासाठी येणं, असं कोणी करत नाही, कापूस तेवढाच निघेल पण दिवस चालण्यातच जाईल. तुझा पहिला लूप नेमकं तेच करत होता.

प्रोसेसर मेमरीतून एकटा आकडा कधी आणत नाही, शेजारचे सोबत घेऊनच येतो. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर बहुतेक एका खेपेत ६४ बाइट येतात, इंट ४ बाइटचा, म्हणजे १६ आकडे एका खेपेत. जावात एका ओळीतले आकडे एकाला एक लागून असतात, म्हणून ओळ धरून गेलास तर एका खेपेत सोळा आकड्यांचं काम होतं. रकान्याने गेलास तर प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत, म्हणजे वेगळ्या पिशवीत, आणि पिशव्या मेमरीत कुठंही असू शकतात. सोळा आणायचे आणि एक वापरायचा. तू म्हणशील बाकीचे पंधरा पुढच्या रकान्याला कामी येतीलच की, पण तोपर्यंत ५००० ओळी फिरून व्हायच्या असतात, ५००० गुणिले ६४ म्हणजे ३ लाख २० हजार बाइट, आणि प्रोसेसरच्या अगदी जवळची कॅश, म्हणजे छोटी वेगवान मेमरी, साधारण ३२ ते ४८ किलोबाइटची, मग आधी आणलेलं बाहेर ढकललं जातं. तुझा अख्खा ॲरे तर अडीच कोटी आकडे, १० कोटी बाइट.

जावात बाहेर ओळ, आत रकाना हा नियम धर. फोरट्रानमधून आलेल्या जुन्या कोडचं जावात रूपांतर करताना मात्र जपून, तिथं रकाना सलग ठेवतात म्हणून त्यांचे लूप उलटे असतात आणि तसेच उचलले की हाच प्रकार होतो.

अजून एक, तुझं चित्र खरंच चौकोनी आहे, प्रत्येक ओळ ५००० ची. अशा ठिकाणी मी तर एकच लांब ॲरे घेते, न्यू इंट[ओळी * रकाने], आणि जागा काढायला ओळ * रकाने + रकाना. सगळं सलग, नल ओळीची भानगड नाही. तालुक्यांसारख्या कमीजास्त ओळींना हे नको.

प्रश्न : मॅडम, मी बीडच्या एका तरुणाला घरी शिकवते, त्याला जिल्हा, तालुका आणि महसूल मंडळ असा तीन पातळ्यांचा ॲरे करायचाय, आणि कोणत्या मंडळात अतिवृष्टी झाली ते शोधायचंय. तीन लूप एकात एक लावले की त्याचा गोंधळ होतोय, आणि पहिलं मंडळ सापडल्यावर ब्रेक दिला तरी लूप चालूच राहतो म्हणतो. स्ट्रीम लावून एका ओळीत होतं असं पण त्यानं ऐकलंय.
— गेवराई

उत्तर : ताई, गोंधळ बहुतेक नावांचा असतो. आय, जे, के लिहिलं की कोण कुठला ते कोणालाच आठवत नाही, आणि के च्या जागी जे पडला तर कंपाईलर पण काही बोलत नाही कारण दोन्ही इंटच. त्याला जि, ता, मं अशी नावं द्यायला सांगा, नोंद[जि][ता][मं] वाचलं तरी अर्थ कळतो. पातळीचं तत्त्व तेच, फक्त आता पिशवीत अजून पिशव्या आहेत. नोंद.लेंग्थ जिल्हे, नोंद[जि].लेंग्थ त्या जिल्ह्याचे तालुके, नोंद[जि][ता].लेंग्थ त्या तालुक्याची मंडळं. प्रत्येक लूप आपल्या वरच्या पातळीला लांबी विचारतो.

नुसती मोजणी करायची असेल तर फॉर-ईच (डबल म्हणजे अपूर्णांक चालणारा आकडा) :

फॉर (डबल[][] जिल्हा : नोंद)
  फॉर (डबल[] तालुका : जिल्हा)
    फॉर (डबल मिमी : तालुका)
      इफ (मिमी > ६५) अतिवृष्टी++;

चोवीस तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस झाला की आपल्याकडं त्या मंडळात अतिवृष्टी धरतात, नुकसानीच्या पंचनाम्यांच्या वेळी हा आकडा गावोगाव तोंडपाठ असतो. पण कोणतं मंडळ हे सांगायचं असेल तर फॉर-ईचला ते माहीत नसतं, तिथं इंडेक्स पाहिजेच.

ब्रेकचं असं की तो फक्त आपल्या लगतच्या लूपमधून बाहेर काढतो, वरचे दोन चालूच राहतात. सगळ्यात बाहेरच्या फॉरच्या आधी शोध: असं लेबल लावा आणि आत ब्रेक शोध; असं लिहा, तीनही लूप एकदम थांबतात. मला स्वतःला त्याहून शोधायचं काम वेगळ्या मेथडमध्ये, म्हणजे स्वतःचं नाव असलेल्या कोडच्या तुकड्यात, टाकून सापडलं की रिटर्न करणं जास्त नीट वाटतं, वाचणाऱ्याला लेबल हुडकत बसावं लागत नाही.

स्ट्रीम, म्हणजे लूप न लिहिता आकड्यांच्या रांगेवर काम करायची सोय, २०१४ साली जावा ८ मध्ये आले. दोन पातळ्यांच्या इंट ॲरेची बेरीज खरंच एका ओळीत होते, ॲरेज.स्ट्रीम(पाऊस).फ्लॅटमॅपटूइंट(ॲरेज::स्ट्रीम).सम(). फ्लॅटमॅप म्हणजे सगळ्या पिशव्या एका चादरीवर ओतणं, आणि ओतल्यावर कोणता दाणा कोणत्या पिशवीतला होता ते कळत नाही, म्हणून मंडळ शोधायला ते कामाचं नाही. त्या मुलाचे तीन साधे लूप आधी पक्के होऊ द्या, स्ट्रीम नंतर.

आणि त्याला पुढं चौथी पातळी तारखेची घालायची इच्छा होईलच. जावा २५५ पातळ्यांपर्यंत परवानगी देते, पण तिथं थांबवा त्याला. जिल्हा, तालुका, मंडळ, तारीख आणि मिमी असा एक रेकॉर्ड करायला लावा, जावा १६ पासून एका ओळीत होतो, आणि त्यांची साधी लिस्ट ठेवा. मग लूप एकच लागतो, आणि मंडळाचं नाव मिमीच्या शेजारीच असतं.